‘रिमेंबर मी’ आणि निलिन: एका विसरलेल्या गेमची बाजू

‘रिमेंबर मी’ हा गेम जून 2013 मध्ये आला. त्याच महिन्यात ‘द लास्ट ऑफ अस’ आला आणि लोक याला विसरूनही गेले. नाव ‘माझी आठवण ठेवा’ आणि नशीब असं! समीक्षकांनी शंभरात पासष्ट-सत्तरच्या आसपास गुण देऊन विषय संपवला. आजही गेम खेळणाऱ्या पोरांमध्ये नाव काढलं तर ‘मारामारी तीच तीच आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

मारामारी तीच तीच आहे, हे खरंच आहे. रस्ता एकच, उडी मारायची जागाही गेमच बोट दाखवून सांगतो. कॅमेरा ऐन वेळी भिंतीकडे तोंड करतो. हे सगळं कबूल. तरीही निलिनसारखी नायिका मला अॅक्शन गेममध्ये दुसरी भेटलेली नाही आणि तिची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

गोष्ट 2084 सालच्या निओ-पॅरिसमधली. ‘मेमराइज’ नावाच्या कंपनीने लोकांच्या मानेत ‘सेन्सेन’ नावाचं यंत्र बसवलंय. आठवणी विकता येतात, विकत घेता येतात, नको त्या पुसता येतात. ज्यांना या आठवणींची नशा लागली, ते ‘लीपर’ होऊन गटारात सरपटतात. निलिन ही ‘एररिस्ट’ बंडखोरांची आठवणचोर. गेम सुरू होतो तेव्हा ती बास्तीयच्या तुरुंगात आहे आणि तिचीच स्मृती जवळजवळ पूर्ण पुसलेली आहे.

हा गेम बनवणारी डोंटनॉड ही पॅरिसचीच कंपनी, हा तिचा पहिलाच गेम. तिचे दिग्दर्शक जाँ-मॅक्स मोरिस यांनी तेव्हा सांगितलं होतं की, नायक बाई आहे म्हणून काही प्रकाशकांनी हात वर केले. नायिका पुरुषाचं चुंबन घेते ते खेळणाऱ्या पोरांना अवघड वाटेल, असाही आक्षेप निघाला. शेवटी कॅपकॉमने गेम घेतला. नायिका बाई, त्यात सावळी आणि मिश्र वंशाची. तिला पुरुष करून टाकायला कंपनीने नकार दिला, एवढ्यासाठी तरी थोडी कदर व्हायला हवी होती. पण मी फक्त एवढ्यासाठी लिहीत नाहीये.

निलिनला शिकारी गाठतात. त्यातली एक ओल्गा सेडोवा. नवरा डेव्हिड आजारी आहे, उपचाराला पैसे हवेत, म्हणून ती निलिनच्या डोक्यावरच्या इनामामागे आहे. निलिन तिच्या आठवणीत शिरते. आपण ती आठवण कॅसेटसारखी मागे-पुढे फिरवतो, एखादा पट्टा सैल करतो, एखादी वस्तू सरकवतो. आणि ओल्गाच्या मनात डेव्हिड मेला, डॉक्टरने त्याला मारलं, असं घट्ट बसतं. ती तिथल्या तिथे मेमराइजची दुश्मन आणि निलिनची सोबतीण होते. खरा डेव्हिड त्या वेळी जिवंत आहे.

हे काम खेळणाऱ्याच्या हातून होतं, हे विसरू नका. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा कोडं सुटलं म्हणून खूश झालो. पुढे गेम उलगडून दाखवतो की, निलिनने पूर्वी असंच फ्रँक फोर्लान नावाच्या माणसाला पटवलं होतं की त्याने आपल्या प्रेयसीला मारलं. त्याने स्वतःचा जीव घेतला. निलिनला हे आठवत नव्हतं, कारण कंपनीने तेही पुसून टाकलं होतं.

इथे माझ्यासारख्या मदरशाच्या ओट्यावर वाढलेल्या माणसाला तौबा आठवते. तौबेसाठी गुन्हा आठवावा लागतो, त्याची लाज वाटावी लागते. अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाहकडे मागता येतं. पण माणसाचा हक्क मारला असेल तर त्याच माणसाच्या दारात जावं लागतं. हुकूकुल इबादचा हा धडा लहानपणी ऐकताना सोपा वाटायचा. निलिनने काय करायचं? फोर्लान तर राहिला नाही. आणि ओल्गाला आपलं काही लुटलं गेलंय हेच माहीत नाही! मेमराइजचा माल घेणारा म्हणतो, दुःख पुसून टाक. निलिन उलट स्वतःच्या पापासकट सगळं परत मागते. प्रकरणांच्या मध्ये ती स्वतःशी जे बोलते त्यात हीच टोचणी आहे.

‘तिला स्वभावच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ते बोलणं बहुधा बटण दाबून पुढे ढकललं असावं.

खोट्या आठवणीने माणूस दुश्मन कसा होतो, हे आपल्याला समजवायला 2084 ची गरज नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली, कुठून तरी कापून कुठे तरी जोडलेली एक क्लिप शेजाऱ्याबद्दलची वीस वर्षांची ओळख खोटी ठरवते. तिथेही सुरुवात बारीक गोष्टीपासूनच होते. एखादी तारीख सरकवली, एखादं नाव बदललं.

माझी तक्रार वेगळीच आहे. आठवणी फिरवण्याचा हा प्रकार गेममध्ये मोजून चार वेळा येतो, बाकी वेळ लाथा-बुक्क्या. आणि शेवटी आईवडिलांच्या आठवणी बदलून निलिन त्यांना ‘सुधारते’, ते गेमने फार सहज सोडून दिलंय. चांगल्या हेतूने केलेली ढवळाढवळ हीदेखील ढवळाढवळच. तिथे तिला अजून छळायला हवं होतं.

डोंटनॉडने पुढे 2015 मध्ये ‘लाइफ इज स्ट्रेंज’ केला. काळ मागे फिरवणाऱ्या मुलीचा तो गेम लोकांनी डोक्यावर घेतला. त्याची बीजं निलिनच्या त्या चार प्रसंगांत पडलेली दिसतात. ऑलिव्हिए डेरिव्हिएरचं संगीत ऐका: भरगच्च ऑर्केस्ट्रा मध्येच अडकतो, तुटतो, उलटा फिरतो, एखाद्या खराब झालेल्या आठवणीसारखा.

गेम जुना आहे, साध्या कॉम्प्युटरवरही चालेल. मारामारी कंटाळवाणी वाटली तर लेव्हल सोपी करून घ्या. पण ओल्गाचा प्रसंग संपला की लगेच पुढे पळू नका. तुम्ही नुकतं काय केलंत, ते ओल्गाला माहीत नाही, तुम्हाला आहे.