चहाडी की चौकीदारी?

प्रतिनिधी

मापात पाप करणाऱ्या दुकानदाराविरुद्ध वैधमापन खात्याकडे तक्रार करण्याची मुभा जशी ग्राहकाला आहे, तशीच ती शेजारच्या दुकानदारालाही आहे. त्याने ती केली तर बाजारात चार दिवस कुजबुज होते. पण तक्रार खरी असेल तर निरीक्षक येतो, वजने तपासतो, पंचनामा करतो आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपली बाजू मांडता येते. इंटरनेटवरील बाजारपेठेत निरीक्षकाची ही भूमिका शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्यांकडे, त्यातही प्रामुख्याने गुगलकडे आली आहे. तेथेही तक्रारीची खिडकी आहे. मात्र त्या खिडकीपलीकडे पंचनामा होतो की नाही, हे तक्रारदाराला सहसा कळत नाही आणि दोन्ही पक्षांना समोर बसवून सुनावणीही होत नाही. प्रतिस्पर्ध्याने विकत घेतलेल्या लिंक आणि त्याचा स्पॅम यांची खबर शोधयंत्राला द्यावी की नाही, हा वाद गेली अनेक वर्षे धुमसतो आहे, तो यामुळेच.

हा वाद समजून घ्यायचा तर मुळाशी जायला हवे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगलची स्थापना केली, ती एका साध्या कल्पनेच्या बळावर. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर संशोधक वारंवार करतात, तो निबंध महत्त्वाचा मानला जातो. त्याच न्यायाने, ज्या संकेतस्थळाकडे इतर संकेतस्थळे लिंक देतात ते विश्वासार्ह मानावे, आणि लिंक देणारे संकेतस्थळ स्वतः जितके प्रतिष्ठित तितके त्याच्या शिफारशीचे वजन अधिक धरावे. लिंक म्हणजे जणू एक मत ठरले. पण ज्या मताला किंमत येते, त्याचा बाजारही भरतो. 'इतक्या रुपयांत इतक्या लिंक' अशा जाहिराती सुरू झाल्या. संकेतस्थळाच्या तळाशी, पाहुण्या लेखात, वाचकांच्या प्रतिक्रियांत, जेथे जागा मिळेल तेथे लिंक पेरल्या जाऊ लागल्या.

यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या तिन्ही शोधयंत्रांनी 'नोफॉलो' नावाची खूण स्वीकारली. ही खूण असलेली लिंक शिफारस म्हणून धरली जाऊ नये, असा तिचा अर्थ. २०१९ मध्ये गुगलने पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूणही आणली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पैसे देऊन लिंक घेणे हा गुगलच्या नियमानुसार गुन्हा नाही. जाहिरात म्हणून ती घेता येते. ही जाहिरात आहे हे शोधयंत्रापासून लपवून क्रमवारीत वर चढण्यासाठी ती वापरणे, हा नियमभंग. साहजिकच दोन लिंक दिसायला सारख्याच असल्या तरी एक वैध आणि दुसरी अवैध असू शकते. हा फरक बाहेरून पाहणाऱ्याला ओळखता येईलच असे नाही, आणि तक्रारींची खरी अडचण येथूनच सुरू होते.

खबर द्या, पण...

एप्रिल २००७ मध्ये गुगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तत्कालीन प्रमुख मॅट कट्स यांनी विकतच्या लिंकची माहिती कळवण्याचे जाहीर आवाहन केले आणि एकच गदारोळ उठला. गुगल स्वतः जाहिराती विकते, मग इतरांनी लिंक विकल्या तर बिघडले कोठे, असा एका गटाचा सवाल होता. आम्हाला एकमेकांविरुद्ध खबरे बनवले जात आहे, ही दुसऱ्या गटाची तक्रार होती. प्रामाणिकपणे संकेतस्थळ चालवणाऱ्या तिसऱ्या गटाला मात्र हे आवाहन रास्त वाटले. कष्टाने मिळवलेली जागा कोणी पैशाने हिसकावत असेल तर गप्प का बसायचे, हा त्यांचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

नियम कागदावरच राहिले असे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये 'बीएमडब्ल्यू' या बड्या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गुगलने आपल्या यादीतून काही काळ काढून टाकले होते. शोधयंत्राला एक पान आणि ग्राहकाला दुसरेच, अशी चलाखी तेथे आढळली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'जे. सी. पेनी' या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उजेडात आणले. कपडे, चादरी, गालिचे असे कोणतेही शब्द शोधले तरी ही कंपनी महिनोन्महिने अग्रस्थानी होती आणि त्यामागे असंबद्ध संकेतस्थळांवर पेरलेल्या हजारो लिंक होत्या. वृत्तपत्राने विचारणा केल्यानंतर गुगलने कारवाई केली आणि कंपनी पहिल्या क्रमांकावरून कोठल्या कोठे फेकली गेली. कंपनीने या लिंकबाबत कानांवर हात ठेवले आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला निरोप दिला. त्याच महिन्यात 'ओव्हरस्टॉक' या कंपनीलाही शिक्षा झाली. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून लिंक मिळाव्यात म्हणून तिने विद्यार्थी आणि प्राध्यापकांना सवलतीचे आमिष दाखवले होते.

गुगलने स्वतःलाही सोडले नाही, हेही नमूद करायला हवे. जानेवारी २०१२ मध्ये 'क्रोम' या ब्राऊझरच्या प्रचारासाठी प्रायोजित लेख लिहवून घेतल्याचे उघड झाले, तेव्हा क्रोमच्या पानाची पत किमान साठ दिवसांसाठी कमी करण्यात आली.

तथापि, या प्रकरणांत एक समान धागा दिसतो. कारवाईला वेग आला तो बोभाटा झाल्यावर. बड्या वृत्तपत्रात बातमी आली, तंत्रज्ञांच्या वर्तुळात चर्चा पेटली, की तपास तातडीने होतो. डिसेंबर २०१३ मध्ये गाण्यांच्या शब्दांचे 'रॅप जीनियस' हे संकेतस्थळ लिंकच्या देवाणघेवाणीबद्दल ऐन नाताळात खाली गेले, तेही त्याचा देकार चव्हाट्यावर आल्यानंतर. माफी मागताना त्याच्या चालकांनी प्रतिस्पर्धी संकेतस्थळांच्या संशयास्पद लिंककडेही बोट दाखवले. आम्ही चुकलो, पण तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत, असा त्या खुलाशाचा सूर होता. सुमारे दहा दिवसांत त्यांची घरवापसीही झाली. नाशिक वा कोल्हापुरातील एखाद्या छोट्या व्यावसायिकाच्या तक्रारीला किंवा फेरविचाराच्या अर्जाला इतकी तत्परता लाभेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

शस्त्र उलटते तेव्हा

एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाने गुगलने नवी गणनप्रणाली आणली. विकतच्या लिंक असलेली संकेतस्थळे तिच्यामुळे आपोआप खाली ढकलली जाऊ लागली. त्याबरोबर एक विकृतीही बळावली. वाईट लिंकमुळे शिक्षा होत असेल तर त्या आपल्या संकेतस्थळासाठी घेण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या नावाने विकत घ्याव्यात आणि मग आपणच तक्रार करावी, असा हा डाव. शेजाऱ्याच्या अंगणात चोरीचा माल टाकून पोलिसांना बोलावण्याचाच हा प्रकार. ही भीती इतकी वाढली, की ऑक्टोबर २०१२ मध्ये 'या लिंकशी आमचा संबंध नाही' असे जाहीर करण्याची सोय गुगलला द्यावी लागली. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विनची रीतही बदलली. अशा लिंकबद्दल संपूर्ण संकेतस्थळाला शिक्षा करण्याऐवजी त्या लिंक हिशेबातच न धरण्याकडे कल वळला.

या बदलाचा अर्थ तक्रारदारांनी नीट समजून घेतला पाहिजे. प्रतिस्पर्ध्याच्या ज्या लिंककडे बोट दाखवून आपण संतापतो, त्या गुगलने कदाचित आधीच शून्यवत केलेल्या असतात. तो वर असण्याचे कारण वेगळेच असू शकते. जुलै २०२० मध्ये गुगलने जाहीरपणे सांगितले, की आलेल्या तक्रारींचा मुख्य उपयोग स्पॅम ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा सुधारण्यासाठी होतो. म्हणजे आज तक्रार केली आणि उद्या शेजाऱ्याच्या दुकानाला टाळे लागले, अशी अपेक्षाच मुळात चुकीची होती.

तक्रारीच्या खिडकीचा गैरवापर कोणत्या थराला जाऊ शकतो, याचे उदाहरण नोव्हेंबर २०२३ मध्ये समोर आले. लिंकविषयीच्या तक्रारींपेक्षा ही खिडकी वेगळी, कॉपीराइटभंगाची होती. पण प्रवृत्ती तीच. व्हिएतनाममधील काही व्यक्तींनी पासष्टच्या आसपास खाती उघडून खोट्या तक्रारी केल्या आणि एक लाख सतरा हजारांहून अधिक पत्ते शोधनिकालांतून हटवण्याचा घाट घातला, असा आरोप करत गुगलने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा गुदरला. प्रतिस्पर्ध्यांना बाजारातून उठवणे हा त्यामागचा हेतू असल्याचे गुगलचे म्हणणे होते. तक्रारीवर विश्वास ठेवावा तर निरपराध भरडले जातात आणि न ठेवावा तर लबाड मोकाट सुटतात, अशी ही कात्री आहे.

न्यायाधीशाचेही हितसंबंध

अशा वेळी न्यायाधीश तटस्थ असणे अगत्याचे ठरते. 'सर्चकिंग' या अमेरिकी कंपनीने २००२ मध्ये गुगलवर दावा लावला होता. लिंकवजा जाहिरातींची दलाली सुरू केल्यावर आपली पत जाणूनबुजून घटवली गेली, अशी तिची तक्रार होती. क्रमवारी हे गुगलचे मत आहे आणि मत व्यक्त करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे, असे सांगत ओक्लाहोमातील संघीय न्यायालयाने २००३ मध्ये तो दावा फेटाळला. पण ज्या मतावर हजारो दुकानांची रोजीरोटी अवलंबून असते ते मत खासगी राहते का, हा प्रश्न त्या निकालाने संपला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शोधनिकालांत आपल्या विमानप्रवासविषयक सेवेला झुकते माप दिल्याचा ठपका त्यात होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर युरोपीय आयोगाने थेट गुगलच्या स्पॅमविरोधी धोरणाचीच चौकशी सुरू केली. व्यापारी भागीदारांचा मजकूर छापणाऱ्या वृत्तसंस्थळांना या धोरणामुळे अन्याय्यरीत्या खाली ढकलले जाते काय, हा तिचा विषय. ही चौकशी अनाठायी असून हे धोरण वापरकर्त्यांच्या रक्षणासाठीच आहे, अशी गुगलची भूमिका आहे.

येथे वृत्तपत्रसृष्टीनेही आरशात पाहायला हवे. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'इंटरफ्लोरा' ही फुले पोहोचवणारी कंपनी ब्रिटनमध्ये अकरा दिवस गुगलवरून जवळपास अदृश्य झाली, तेव्हा तिचे जाहिरातवजा लेख आणि त्यांतील लिंक छापणारी अनेक स्थानिक वृत्तपत्रे होती, आणि त्यांच्या संकेतस्थळांची पतही घसरली. महाराष्ट्राला हा आजार अपरिचित नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज'ने येथे केवढा धुमाकूळ घातला, हे वाचक विसरले नसतील. पैसे घेऊन छापलेली बातमी आणि पैसे घेऊन दिलेली लिंक या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत जाहिरात असते आणि जाहिरात असल्याचे लपवलेले असते. फसगत वाचकाचीच होते.

मग करावे काय?

तक्रार करणे म्हणजे चहाडी, ही भावना आधी सोडायला हवी. प्रतिस्पर्ध्याचे संकेतस्थळ ग्राहकाला फसवत असेल, त्याच्या संगणकात घातक प्रणाली सोडत असेल किंवा खोट्या दुकानाचा देखावा करत असेल, तर कळवणे हे कर्तव्यच आहे. तेथे नुकसान तिसऱ्याचे होते. केवळ विकतच्या लिंकचा संशय असेल तर मात्र पुराव्याशिवाय बोलू नये आणि तक्रार हे व्यवसायवाढीचे साधन मानू नये. त्याआधी आपलेच घर झाडून घ्यावे. क्रमवारीत वर आणण्याचे कंत्राट आपण ज्याला दिले आहे तो नेमके काय करतो, लिंक कोठून आणतो, हे लेखी विचारावे. जे. सी. पेनीने सल्लागाराला काढून टाकले, पण शिक्षा कंपनीलाच भोगावी लागली.

गुगलचीही जबाबदारी मोठी आहे. कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासून कारवाई केली तर संकेतस्थळचालकाला तशी सूचना मिळते आणि फेरविचाराचा अर्जही करता येतो, हे खरे. पण स्वयंचलित प्रणालीने खाली ढकललेल्याला ना नोटीस मिळते ना कारण. तक्रारी किती आल्या, किती खऱ्या ठरल्या, किती खोट्या निघाल्या, तक्रारदाराला काय कळवले, याचा देशवार हिशेब जनतेसमोर मांडण्यात कोणते व्यापारी गुपित उघडे पडणार आहे? नागरिकांनी चौकीदारी करावी अशी अपेक्षा असेल, तर चौकीची नोंदवही उघडी असायला हवी. ती बंद राहील तोवर प्रामाणिक तक्रारदार चहाडखोर ठरत राहील आणि खोटी तक्रार करणाऱ्याचे मात्र फावेल.