गाडीतला वूफर आणि गावाचे कान

चोर्ला घाट ओलांडून बेळगावात उतरणाऱ्या आमच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. खडेबाजारात, किंवा पुढे निपाणीच्या वाटेवर तवंदी घाटात, मागून एखादी मोटार येते आणि तिच्यातले गाणे ऐकू येण्यापूर्वीच आपल्या गाडीच्या काचा थरथरू लागतात. गाणे कानडी होते की मराठी, हे ती पुढे निघून गेल्यावरही उमगत नाही. शब्द आत राहतात, बाहेर पडतो तो केवळ दणका. भाषेवरून इतकी वर्षे झगडणाऱ्या या टापूत निदान या एका बाबतीत दोन्हीकडच्या तरुणांचे एकमत झाले आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

दणकाच बाहेर का पडतो, याचे कारण सरळ आहे. सेकंदाला ४० कंपनांच्या सुराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांबीची असते. काच, पत्रा, घराची भिंत तिला फारशी अडवू शकत नाही. शिवाय मोटारीची आतली जागा लहान असल्याने खर्जाचा दाब तेथे अधिकच साचतो. आपला कान मात्र या सुरांच्या बाबतीत मंद आहे. तो चटकन तक्रार करीत नाही, म्हणून हात कळ फिरवीत राहतो आणि खर्जाबरोबर इतर सूरही चढत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला हिशेब पाहावा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो, पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९५ डेसिबलला उरतो सव्वा तास. बेळगावाहून निपाणीस एकदा जाण्यातच आठवड्याची शिदोरी संपली! परतीचा प्रवास कानांच्या भांडवलातून होतो, आणि हे भांडवल पुन्हा जमा होत नाही.

वूफर बसवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पखवाजाचा भरणा नीट ऐकू यावा अशी हौस असणे गैर नव्हे. परंतु तो लावण्याची रीत फार थोड्यांना ठाऊक असते. ॲम्प्लिफायरवरची ‘गेन’ नावाची कळ ही आवाज वाढविण्याची कळ आहे, हा समजच मुळात चुकीचा आहे. स्टिरिओकडून येणारा संकेत आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यापुरती ती असते. प्रथम ‘बास बूस्ट’ पूर्ण बंद करावा, स्टिरिओतील खर्ज-तीव्र समान ठेवावे, आवाज तीन-चतुर्थांशावर न्यावा आणि ओळखीचे गाणे लावून गेन शून्यापासून हळूहळू चढवावा. ठोका फाटल्यासारखा वाटला की तेथून मागे यावे आणि मग त्या कळीला हात लावू नये. जुळणीपुरता आवाज चढवावा लागतो, म्हणून हे काम वस्तीबाहेर व थोड्या वेळात उरकावे. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास पुरतो. फाटलेला आवाज काही मर्दपणाचे लक्षण नव्हे. ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर ओढला जात असल्याची ती खूण आहे. त्यानेच वूफरमधील तारेचे वेटोळे तापून जळते आणि दोष मात्र दुकानदारावर जातो. बॅटरीपासून येणाऱ्या जाड तारेला बॅटरीच्या जवळच, अर्ध्या मीटरच्या आत, फ्यूज हवा. तो न बसविणे म्हणजे आगीला आमंत्रण. शेवटची परीक्षा सर्वांत सोपी आहे. काचा लावून गाणे चालू ठेवावे आणि दहा पावले दूर उभे राहावे. तेथे छातीत ठोका जाणवला तर मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा आत बसलेल्याला ऐकू येणार नाही, हे समजावे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण हे मोजमाप ‘ए’ पट्टीवर होते, आणि ही पट्टी मानवी कानासारखीच खर्जाकडे काणाडोळा करते. ५० हर्ट्झचा, प्रत्यक्षात १०५ डेसिबलचा सूर तिच्यावर अवघा ७५ दिसतो. खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या छातीत धडधड होते आणि यंत्र सांगते, विशेष काही नाही. अशा ठिकाणी ‘सी’ पट्टीवरही मोजणी व्हावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे वा विसर्जन मिरवणुकीत पोलिसांनी यंत्र काढले की ते मराठी मंडळांसाठीच निघाले, असा संशय येथे सहज उत्पन्न होतो. त्या संशयाला इतिहास आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे नियम केंद्राचे आहेत. दूधगंगेच्या अलीकडे व पलीकडे आकडा एकच. २०१८ साली विसर्जनाच्या तोंडावर ध्वनियंत्रणेच्या व्यावसायिकांना दिलासा नाकारला तो मुंबई उच्च न्यायालयाने, बंगळूरने नव्हे. संशय घालवायचा तर यंत्र सणापुरते न काढता रोज रात्री दहानंतर हमरस्त्यावर काढावे आणि गाडीचा क्रमांक केए आहे, एमएच आहे की आमचा जीए, हे पाहू नये.

जाता जाता एक गंमत. कोल्हापूर-बेळगावकडे ज्या भिंतींना लोक ‘डॉल्बी’ म्हणतात, ते नाव रे डॉल्बी या संशोधकाचे. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतील नकोशी खरखर कमी करण्यासाठी!

आमच्या घरोघरी चतुर्थीला घुमट वाजते. त्यालाही खर्ज आहे, आणि वाजविणाऱ्याचा हात दुखला की ते थांबते. वूफरला हात नाही. मंडळांच्या बैठका सुरू होतील तेव्हा वर्गणीच्या आकड्याबरोबर डेसिबलचा आकडाही कार्यवृत्तात लिहून घ्यावा, आणि कार्यकर्त्यांनी घरी परतताना आपापल्या डिकीतली ती कळ एकदा तपासावी.