दूरदेशीचा फोन आणि घरचा हिशोब



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या. पदराखाली मोबाईल धरलेला. म्हणाल्या, "भाऊ, एवढं बघता का जरा? अकरा दिवस झाले, पोराचा आवाज कानावर नाही. फोन बिघडला का काय, काही कळंना."

मावशींचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी शारजाला गेला. एसी दुरुस्तीचे काम. एजंटाचे पैसे देण्यासाठी घरावर कर्ज झालेले. आम्ही फोन पाहिला. फोन धडधाकट होता, फक्त रिचार्ज संपला होता. "मी एकटीच तर आहे घरात, कशाला घालवू दोन-तीनशे रुपये? तेवढेच हप्त्याला होतील," असे मावशींचे म्हणणे.

आम्ही आमच्या फोनचे नेट त्यांच्या फोनला जोडून दिले. लागलीच मुलाने बोलून पाठवलेले चौदा निरोप एकामागून एक येऊन पडले. मावशी भिंतीला टेकून ते ऐकत राहिल्या. पहिल्या निरोपात "आई, जेवलीस का?" होते. शेवटच्यात "आई, तू बोलत का नाहीस? आजारी आहेस का?" होते.

आई पैसे वाचवीत होती मुलासाठी आणि मुलगा वाचवीत होता आईसाठी. दोघांच्या काटकसरीत अकरा दिवस दोघांच्याही जिवाला घोर लागला. आज आखाती देशांत आपली कितीतरी मुले वेल्डर, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, सफाई कामगार म्हणून राबत आहेत. म्हणून या खेपेला आम्ही या फोनच्या खर्चाचाच हिशोब मांडावयाचे ठरविले. आम्ही पडलो कारकून माणसे. जमा-खर्चाची वही उघडल्याशिवाय आम्हाला काही उमगत नाही.

पहिला खर्च रोमिंगचा. आपला इथला नंबर परदेशात चालू ठेवला की फोन तिथल्या कंपनीच्या टॉवरवर चालतो, आणि तिचे भाडे आपल्या खात्यातून जाते. इथे आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत, याची आपल्याला सवय झाली आहे. पण ही सोय आपल्याकडेही २००३ साली आली. त्याआधी मोबाईलवर आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. परदेशात इथल्या नंबरवर फोन घेतला की तेच जुने दिवस परत येतात. करणाऱ्याचे पैसे जातात आणि घेणाऱ्याचेही जातात.

मावशींच्या मुलाचे नेमके हेच झाले. तो पोहोचल्याच्या आनंदात मामा, काका, मित्र, सगळ्यांनी फोन केले आणि त्याने ते घेतले. समजा, मिनिटाला शंभर रुपये दर आहे. आठ जणांशी तीन-तीन मिनिटे बोलला तर चोवीस मिनिटे झाली. म्हणजे २,४०० रुपये गेले, तेही पहिला पगार हाती येण्यापूर्वी! खाते रिकामे झाले तसा मुलगा घाबरला. त्याने ते सिम काढून बॅगेत टाकून दिले. पुढची अडचण तिथूनच सुरू झाली, ती खाली सांगतो.

तेव्हा परदेशी निघणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वीच इथल्या सिमचे 'डेटा रोमिंग' बंद करावे आणि कॉल दुसरीकडे वळविण्याची सोय चालू असेल तर तीही काढून टाकावी. पहिल्या दोन-चार दिवसांसाठी हवा असेल तर कंपनीचा ठरावीक मुदतीचा रोमिंग पॅक घ्यावा. त्यात किती मिनिटे, किती नेट आणि तो देश आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. घरच्यांनी आणि नातेवाइकांनी इथल्या नंबरवर फोन करूच नये.

दुसरी गोष्ट तिथल्या सिमची. तिथे पोहोचताच स्थानिक सिम घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत सुरुवातीला पासपोर्टवर सिम मिळते. पुढे एमिरेट्स आयडी हाती आले की नंबर त्यावर नोंदवून घ्यावा. सिम स्वतःच्याच नावावर असावे. खोलीतल्या मित्राच्या नावाचे सिम वापरले, तर तो गावी गेल्यावर नंबर बंद पडू शकतो आणि भानगड झाली तर दोघेही अडकतात. तिथल्या सिमवर तिथे आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत. पण घरून तो नंबर साधा फिरवला तर इथून आयएसडीचे पैसे लागतात, हे घरच्यांनी विसरू नये.

तिसरी गोष्ट नेटवरून बोलण्याची. इथे आपण व्हॉट्सॲपवर सर्रास बोलतो. अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे बोलणे आणि समोरासमोर पाहणे चालत नाही. तिथल्या सरकारने परवानगी दिलेल्या बोटिमसारख्या ॲपवरूनच बोलता येते. ते दोन्हीकडच्या फोनमध्ये असावे लागते, म्हणून मुलगा घरी असतानाच आईच्या फोनमध्ये टाकून, दोन वेळा करून दाखवून मगच त्याने निघावे. नेटवरून बोलण्यासाठी तिथल्या कंपनीचा वेगळा पॅक लागतो का, हेही विचारावे. सौदी अरेबियाने अशी बंदी २०१७ साली बरीच सैल केली. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो, तेव्हा एका देशाची माहिती दुसऱ्या देशात नेऊ नये.

काही मुले बंदी चुकविण्यासाठी व्हीपीएन नावाची युक्ती वापरतात. आमचे त्यांना कळकळीचे सांगणे आहे की, या फंदात पडू नका. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यात व्हीपीएन वापरून गुन्हा केल्यास किंवा लपविल्यास तुरुंगवास किंवा ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद आहे. शंभर रुपये वाचविण्यासाठी आयुष्याची कमाई पणाला लावू नये.

बोलून पाठवलेला निरोप आणि फोटो मात्र तिथे व्हॉट्सॲपवर चालतात. नेट अगदी थोडे लागते. आईला लिहिता-वाचता येत नसले तरी निरोप ऐकता येतो, आणि बटण दाबून उत्तरही देता येते. याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या गटांवर रोज सकाळी शुभेच्छांची चित्रे आणि भाषणांचे व्हिडिओ येतात. भावना चांगली, पण ते तिकडच्या पोराच्या फोनमध्ये आपोआप उतरतात आणि त्याचे नेट खाऊन टाकतात. फोनमधील 'ऑटो डाउनलोड' बंद करावे आणि ॲपची दुरुस्ती खोलीवरच्या वायफायवरच होऊ द्यावी. मात्र सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या वायफायवर बँकेचे काम कधीही करू नये.

आता बॅगेत टाकलेल्या सिमची गोष्ट. त्या मुलाचे बँक खाते आणि आधार दोन्ही त्याच नंबरला जोडलेले. तो नंबर बंद पडला तर बँकेचा ओटीपी कोणाला येणार? नियमानुसार नंबर ९० दिवस वापरला नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नाहीत, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्या कोणाला दिलाही जाऊ शकतो. मुलाचे साठ दिवस उलटून गेले होते. नंबर गेला असता तर बँकेत नवा नंबर लावण्यासाठी रजा, तिकीट आणि हेलपाटे यांचा खर्च किती आला असता, याचा विचार करावा.

उपाय सोपा आहे. इथले सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवावे. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, तरी निघण्यापूर्वी कंपनीकडून खात्री करून घ्यावी. त्या सिमवर नेटचा महागडा पॅक कशाला? ट्राय या नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणे बंधनकारक केले आहे. अशा पॅकची मुदत एक वर्षापर्यंत असू शकते. दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही, म्हणून आपण नाव घेऊन मागावा. तिकडच्या मुलाच्या इथल्या नंबरला तो पुरतो. आईच्या फोनला मात्र नेटचाच पॅक हवा. आम्ही मावशींच्या फोनवर नेमके उलटे पाहिले होते.

आईच्या रिचार्जवर वाचवलेले दोनशे रुपये हा खरा फायदा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या अकरा दिवसांत मुलगा कामावर शिडीवर चढत होता, तेव्हा त्याचे चित्त घराकडे होते. अशा कामात चित्त थाऱ्यावर नसणे किती धोक्याचे, हे कामगाराच्या घराला वेगळे सांगावयास नको. काटकसर जरूर करावी, पण ती फुकट जाणाऱ्या पैशात करावी. आईशी होणाऱ्या बोलण्यात करू नये.

जुन्या वाचकांना पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. दर कमी व्हावा म्हणून आपण रात्री रांगेत उभे राहायचो. काय बोलायचे ते आधी ठरवायचो आणि डोळे लाल आकड्यांवर लावून बोलायचो. त्या काळची एक शिस्त आजही उपयोगी आहे, ती म्हणजे ठरलेली वेळ. अमिरातीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिथे साडेआठ वाजलेले असतात आणि पोरगा कामावरून येऊन जेवलेला असतो. आठवड्यातले दोन वार ठरवावेत. एरवी एक निरोप पुरे. अनोळखी परदेशी नंबरावरून एकच रिंग वाजून फोन कट झाला, तर तो मुलाचा समजून उलटा फोन करू नये. तो पैसे उकळण्याचा जुना डाव आहे.

मावशींचा रिचार्ज आम्ही त्याच सायंकाळी करून दिला. पैसे त्यांनीच दिले, आमचे घेतले नाहीत. मुलाला निरोप पाठवून बॅगेतले सिम फोनमध्ये टाकावयास लावले आणि इथून त्याचा पॅक भरला. नंबर वाचला. आता मावशींनी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून ठेवले आहे, "बुधवार, रविवार, रात्री दहा."

आमची सूचना अशी की, प्रत्येक विहारातील शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार तासभर बसावे. ज्यांचे कोणी परदेशी आहे त्या माता-भगिनींचे फोन तपासून द्यावेत, ॲप शिकवावे, पॅकची तारीख कागदावर लिहून द्यावी. याला देणगी लागत नाही आणि मंडपही लागत नाही. एवढे काम आपण नक्कीच करू शकतो.

जयभीम.