खोकताना किती दुखते?

छातीवरील शस्त्रक्रियेनंतर वेदना मोजली जाते ती बहुधा रुग्ण निपचित पडलेला असताना, आणि तिथेच नोंद फसते. उताणा निजलेला माणूस ‘बरं आहे’ म्हणतो. छातीशी उशी धरून खोकायला सांगितले की चेहरा बदलतो. 0 ते 10 च्या पट्टीवर दोन्ही आकडे वेगळे लिहावेत आणि उपचार दुसऱ्या आकड्यावरून ठरवावा. दुखते म्हणून खोकला दाबला की कफ साचतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

बरगड्यांमधून छाती उघडताना रिट्रॅक्टरखाली बरगडीलगतची नस चेपते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान असला तरी पोर्टचा दाब त्याच नसेवर येतो. शिवाय ड्रेनची नळी श्वासागणिक टोचते, ते वेगळेच.

पॅरासिटामॉल हा उपचाराचा पाया. 50 किलोंहून अधिक वजनाच्या, यकृत चांगले असलेल्या प्रौढाला 1 ग्रॅम दर 6 तासांनी, घड्याळ पाहून द्यावे. ‘दुखल्यास’ हा शेरा इथे घातकच. डायक्लोफिनॅकच्या जातीची औषधे मूत्रपिंड व रक्तस्राव पाहून द्यावीत, बायपासनंतर मात्र टाळावीत. थोरॅसिक एपिड्यूरल प्रभावी खरे, पण रक्तदाब उतरतो आणि हेपरिन चालू असेल तर मणक्यात रक्त साकळण्याची भीती असते. एका बाजूच्या छेदाला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक पुरतो. 2016 मध्ये वर्णन झालेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक सोनोग्राफीवर देतात. सुई फुप्फुसाच्या आवरणापासून दूर राहते म्हणून तो झपाट्याने पसरला, परिणाम मात्र दर वेळी सारखा मिळत नाही. सोनोग्राफी यंत्र नसेल तर छाती बंद करण्यापूर्वी सर्जनने डोळ्यांदेखत नसांभोवती बुपिव्हॅकेन द्यावे. या जागेतून औषध रक्तात फार वेगाने शिरते. एकूण मात्रेचा हिशेब आधी करावा. एवढे करूनही खोकवत नसेल तर मॉर्फिन टाळू नये. 2014 च्या कायदादुरुस्तीने त्याचा परवाना सोपा केला आहे. श्वासाची गती आणि गुंगी यांवर नजर हवी, एवढेच.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातून वा शहरातल्या खासगी रुग्णालयातून सुटलेला रुग्ण पडेगाव ओलांडून खुलताबाद, कन्नडकडे निघतो, तेव्हा ब्लॉकचा असर कधीच संपलेला असतो आणि रस्त्याचा प्रत्येक गचका छेदावर बसतो. त्याच्या रजा-कार्डावर गोळ्यांच्या वेळा मराठीत असाव्यात. ट्रॅमाडॉल असेल तर सोबत पोट साफ होण्याचे औषध लिहावे. कुंथताना छाती दुखतेच. छेदापाशी जळजळ, मुंग्या किंवा कपड्याच्या स्पर्शानेही कळ येत असेल तर ते नसेचे दुखणे. 3 महिन्यांनंतरही ते राहिले तर पॅरासिटामॉल वाढवून भागत नाही. अशा रुग्णाला वेदना-चिकित्सकाकडे पाठवावे.