तार की बिनतार?

मराठीत ‘तार’ या एवढ्याशा शब्दाने किती कामे केली आहेत! सतारीची तार वेगळी, कुंपणाची तार वेगळी आणि भर दुपारी दारात सायकल टेकवून कोणी ‘तार आहे’ म्हणाला की ज्या तारेने घरादाराच्या पोटात गोळा उठे, ती तार तर अगदीच वेगळी. ती तार सरकारने २०१३ सालच्या जुलैत बंद केली. पण तारेचा आणि आपला ऋणानुबंध असा सहजासहजी तुटायचा नाही. यंदाच्या दिवाळीत ती पुन्हा घराघरांत वादाचा विषय होऊन बसली आहे. मुलांना संगणकावरच्या खेळासाठी हेडसेट हवा आहे, आणि प्रश्न असा की तो तारेचा घ्यावा की बिनतारी?

आमच्याकडे हा प्रश्न भाऊबीजेच्या ओवाळणीतून निघाला. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरात, कन्या इथे कॉलेजात. रात्री जेवणे आटोपली की दोघेही आपापल्या संगणकापुढे बसून ‘व्हॅलोरंट’ नावाच्या खेळात एकाच पक्षाकडून लढतात. लढाई निम्मी आणि गप्पा निम्म्या. ‘जिन्यावर आहे बघ, उजवीकडे!’ आणि ‘आईनं आज काय केलं होतं गं?’ ही दोन वाक्ये एका दमात उच्चारली जातात. शत्रूची पावले आणि भावाचा आवाज ही दोन्ही ज्यातून येतात, तो हेडसेट आमच्या घरात चैनीची वस्तू राहिलेला नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईलच.

दादा म्हणाला, ‘या वर्षी तुला झकास बिनतारी हेडसेट.’ कन्या म्हणाली, ‘नको, मला तारेचाच हवा.’ तरुण पिढीने जुन्या वस्तूची कड घेतलेली पाहून मी चकित झालो आणि कारण विचारले. परिणामी, जन्मभर वर्गात व्याख्याने देणाऱ्या माणसावर स्वतःच्या घरात व्याख्यान ऐकण्याची पाळी आली. परंतु व्याख्यान उत्तम होते.

त्याचा सारांश असा. तारेतून आवाज कानात येतो तो जवळजवळ तत्क्षणी. बिनतारी यंत्रात मात्र त्याला आधी आकड्यांत दाबून भरावे लागते, हवेतून पाठवावे लागते आणि कानाशी पुन्हा उलगडावे लागते. नेहमीच्या ब्लूटूथला या खटाटोपासाठी बहुधा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद, तेव्हा एवढ्याशा वेळाने काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. पण हिशेब करून पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांत तो ६८ मीटर चालून येईल. शत्रू पडद्यावर दोन हातांवर उभा आणि त्याच्या पावलांचा आवाज मात्र गल्लीच्या टोकावरून निघालेला, अशी ही अवस्था! गाणे ऐकताना याने काही अडत नाही. सगळे गाणेच उशिरा आले तर ते कोणाला कळणार? सिनेमातही चित्र थोडे मागे ठेवून मेळ घालता येतो. खेळात मात्र चित्र आपल्याच हाताच्या हुकमाने हालत असते. ते थांबणार कोणासाठी?

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. बिनतारी हेडसेटमध्ये आवाजाची दिशा चुकते, असे काही जण सांगतात. तसे नाही. डाव्या आणि उजव्या कानाला आवाज पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून आपण दिशा ओळखतो. उशीर दोन्ही कानांना सारखाच झाला, तर दिशा कायम राहते. चुकते ती वेळ.

बरे, बिनतारीतही दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या एकाच नावाने खपवतो. एक ब्लूटूथ. दुसरीत संगणकाला अंगठ्याच्या पेराएवढे डोंगल लावायचे असते. ते २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर थेट हेडसेटशी बोलते. या दुसऱ्या जातीत उशीर २० ते ४० मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे ओसरीतून माजघरात मारलेल्या हाकेइतका. घरच्या खेळाला तो चालतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवर जा की तपकीर गल्लीत, ‘वायरलेस आहे का?’ एवढेच विचारू नका, ‘डोंगल आहे का?’ असेही विचारा.

ब्लूटूथची आणखी एक खोड आहे. त्यातला माइक चालू करून बोलू लागलो की पुष्कळ हेडसेटांत ऐकण्याचा आवाजही टेलिफोनसारखा कोंदट होतो, कारण जाण्यायेण्याच्या दोन्ही वाटा त्याच अरुंद बोळातून काढाव्या लागतात. २०२० साली जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत यावर तोड काढली आहे. परंतु त्यासाठी संगणक आणि हेडसेट दोन्ही त्या पद्धतीचे हवेत.

डोंगलवालाही अगदी निर्वेध नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ सालापासून विनापरवाना खुला आहे. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी अशी सारी मंडळी त्याच चाळीत बिऱ्हाड करून राहतात. स्वयंपाकघरात कोणी पापड भाजायला घ्यावेत आणि इकडे रणांगणावरचा आवाज अडखळावा, हे असंभव नाही. शिवाय विजेचा घट भरून ठेवायची रोजची आठवण. तो काही वर्षांनी दमतो आणि बहुतेक हेडसेटांत घरच्या घरी बदलता येत नाही.

तारेची बाजू घेताना तिचे अवगुणही सांगितले पाहिजेत. ती खुर्चीच्या चाकाखाली सापडते, पिनेपाशी मोडते आणि पाणी प्यायला उठलेल्या माणसाला वेसण धरून ओढावे तशी मागे ओढते. पण मोडली तर कोपऱ्यावरचा कारागीर सोल्डर मारून देतो आणि त्याच पैशांत आवाज अधिक चांगला मिळतो. मेजापाशी बसून खेळणाऱ्याने तार घ्यावी. ज्याला फिरत ऐकायचे आहे, त्याने डोंगल घ्यावे. ज्याला केवळ गाणी ऐकायची आहेत, त्याला ब्लूटूथ पुष्कळ झाले.

हे सारे व्याख्यान चालले असताना आमच्या मातोश्री शेजारी वाती वळत होत्या. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते. त्यांनी शांतपणे विचारले, ‘यातल्या कुठल्यानं कान शाबूत राहतात?’

सगळे गप्प झाले, कारण खरा प्रश्न तोच होता आणि तार किंवा बिनतार ही दोन्ही त्याची उत्तरे नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की, प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, मुलांनी ७५ डेसिबलचा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास आणि ८६ ला १० तास. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पावलांचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळाच आवाज चढवला की बंदुकीचे बारही तितकेच चढतात. म्हणून हेडसेट निवडताना कान नीट झाकणारा निवडावा. बाहेरचा गोंगाट आत आला नाही, की आतला आवाज वाढवावा लागत नाही.

शेवटी तारेचाच हेडसेट ठरला. उरलेल्या पैशांचे काय करायचे, असे दादाने विचारले, तेव्हा कन्या माइकमध्ये म्हणाली, ‘हेडसेट कुरियरनं येतो रे. ओवाळायला माणूस लागतो.’ पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. तो उशीर मात्र कोणत्याही यंत्राचा नव्हता.

बंगळूरच्या गाडीचे तिकीट काढले आहे. हे लिहीत असताना ते प्रतीक्षायादीत आहे.