संशय मोबाइलच्या आधीचा आहे

‘व्हॉट्सॲपनं संसार मोडले’ हे हल्ली घरच्या बैठकीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतं. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, म्हणून त्याचा हात उठला. पहिलं वाक्य अर्धवट आहे, दुसरं साफ खोटं.

१९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांना विचारलं होतं, नवऱ्यानं बायकोला कशासाठी मारलं तर ते योग्य? कारणांच्या यादीत तिच्या निष्ठेचा संशय होता, न सांगता बाहेर जाणं होतं, स्वयंपाक नीट न करणंही होतं. यातलं निदान एक कारण ५६ टक्के बायकांना पटलं. फेसबुक निघायला तेव्हा पाच-सहा वर्षं होती, व्हॉट्सॲपला दहा. त्या काळी पाणवठ्यावर झालेला उशीर संशयाला पुरे व्हायचा. आज रात्री पावणेबाराचं ‘लास्ट सीन’ पुरतं.

घरात काय चालतं ते बघा. तो कामावरून येतो, चपला काढतो आणि आधी तिचा फोन मागतो. मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर सरांनी टाकलेल्या सहलीच्या मेसेजला तिनं अंगठा दिलेला असतो. ‘हा कोण?’ इथून सुरुवात होते. मग ती भावाचे, मैत्रिणीचेही मेसेज पुसायला लागते, आणि पुसलं म्हणजे पाप असणारच, असं ठरतं. त्याच्या फोनला मात्र कुलूप. तिनं त्याच्याबद्दल विचारलं, तर विचारल्याबद्दल मार.

व्यभिचार होतच नाही, असं मी म्हणत नाही. समाजमाध्यमांनी जुन्या ओळखी उकरणं सोपं केलंय, आणि फसवणुकीची जखम बाईला काय, पुरुषाला काय, खोलच जाते. पण त्यावर वाट आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी दंडविधानातलं कलम ४९७ रद्द केलं, तेव्हा आता रान मोकळं झालं अशी ओरड झाली. घटस्फोटाचा हा हक्क मात्र त्या निकालानं काढलेला नाही. गेलं ते कलम असं होतं, की नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नव्हता. बायको ही त्याची मालमत्ता, एवढाच त्याचा अर्थ. मारणाऱ्याच्या डोक्यात ते कलम अजून शाबूत आहे.

मार खाणारी बाई कुणाजवळ तरी मन मोकळं करते, त्यातून जवळीक वाढते, असंही घडतं. तेव्हा तिच्या चॅटच्या तारखा दाखवणाऱ्यांनी पहिल्या माराची तारीखही सांगावी.

समेटाला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तिचा फोन तपासायचं सोडून तिला एकटीला विचारावं, हे कधीपासून चाललंय? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो अहवाल भरतात, त्यात चारित्र्यावरच्या आरोपांसाठी वेगळी जागा आहे, शाब्दिक आणि भावनिक हिंसेखाली. ‘कुणाबरोबर असतेस?’ हे त्याचं रोजचं विचारणं तिथं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला हवं.