बदलीचा ट्रक आणि चोख व्यवहार

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलते. बदलीचा हुकूम आला की घरातून पहिला प्रश्न येतो शाळेचा आणि दुसरा सामानाचा. शाळेवर पुन्हा कधीतरी लिहीन. सामानाबद्दल माझे मत आता पक्के आहे. मोठी जाहिरात करणाऱ्या कंपनीपेक्षा छावणीच्या बाजारातला, स्वतःचा ट्रक असलेला लहान वाहतूकदार धरावा. मात्र त्याच्याशी व्यवहार चोख ठेवावा. ही अट पाळायची नसेल तर पहिल्या सल्ल्याचा काही उपयोग नाही.

कंपनीकडे फोन केला की दर सांगणारा एक, सामान बांधणारे दुसरे, ट्रक तिसऱ्याचा, आणि वाटेतल्या गोदामात माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणारे चौथे. माझे एक बिऱ्हाड असेच गेले. सामान कुठवर आले हे विचारले की फोनवर दर वेळी नवा आवाज. अठरा दिवसांनी ट्रक दारात आला आणि ड्रायव्हरने ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले, नाहीतर ताडपत्री सोडणार नाही म्हणाला. बोलता बोलता कळले की मधल्या दलालाने त्याचेच भाडे बुडवले होते. त्याच्यावर तरी किती रागावणार?

पुढची बदली अंबाल्याहून देवळालीला झाली. तेव्हा युनिटमधल्या सुभेदार साहेबांनी सदर बाजारातल्या एका सरदारजींकडे पाठवले. एक आयशर ट्रक आणि दोन हमाल, एवढाच त्यांचा पसारा. ते स्वतः क्वार्टरवर आले, माळा बघितला, काळ्या ट्रंका मोजल्या, तिकडे कितवा मजला आणि ट्रक दारापर्यंत जातो का ते विचारले आणि एकच आकडा सांगितला. ज्याने सामान बघितले त्यानेच बांधले आणि त्यानेच चालवत नेले. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरलाच नाही. अशा माणसाची भाकरी छावणीवर असते. एका जवानाची काचेची कपाटे फोडली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कँटीनला कळते, हे त्याला ठाऊक असते.

भाड्याचेही एक गणित आहे. उन्हाळ्यात, आपल्या बदल्यांच्याच मोसमात, नाशिकचा कांदा आणि उशिराची द्राक्षे घेऊन ट्रक उत्तरेत जातात आणि त्यांना परतीचा माल हवा असतो. ट्रान्सपोर्टनगरात एमएच-१५ पाटीची गाडी दिसली तर जरूर विचारा. रिकामे परतण्यापेक्षा तो कमी भाड्यातही बिऱ्हाड नेतो. फक्त ट्रक आधी धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर गाद्यांना महिनाभर कांद्याचा वास येतो.

आता चोख व्यवहाराबद्दल. माणूस ओळखीचा असला तरी कागद हवाच. नगवार यादी दोन प्रतींत करा आणि दोघांनी सही करा. त्याच्याकडून बिल्टी घ्या आणि तिच्यावर सामानाची किंमत लिहून घ्या. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याप्रमाणे नुकसानीचा दावा करायचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. बिल्टीच नसेल तर नोटीस कशाच्या आधारावर देणार? वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी यादीची आणि बदलीच्या हुकमाची प्रत ड्रायव्हरजवळ असू द्या. लहान वाहतूकदाराकडे सहसा विमा नसतो, ही त्याची खरी उणीव. तो प्रवासापुरता आपण काढावा. दागिने, रोकड आणि मुलांचे दाखले ट्रकात चढवू नयेत. गॅसचे सिलिंडर एजन्सीत जमा करावे. सगळे पैसे आधी देऊ नयेत, आणि सामान उतरल्यावर बाकी पैशांसाठी ताटकळतही ठेवू नये.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बिल. वाहतुकीचा खर्च ठरलेल्या मर्यादेत सरकार भरून देते, आणि इथेच काहींचा पाय घसरतो. ‘पाजी, बिल जरा वाढवून द्या,’ ही मागणी मी डोळ्यांदेखत ऐकली आहे. लहान माणूस नाही म्हणू शकत नाही, कारण उद्याचे गिऱ्हाईकही त्याच छावणीतून येणार असते. पण ज्याने आपल्यासाठी खोटा आकडा लिहिला, त्याने फुटलेल्या कपाटाबद्दल खरे बोलावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? चौकशी झाली तर आपली नोकरी जाते आणि त्याचा धंदाही. वर्दीतल्या माणसाने आपली सचोटी शंभर किलोमीटरच्या डिझेलएवढ्या पैशाला विकू नये, असे मला वाटते.

निवृत्त मंडळींनी आपला शेवटचा ट्रक गावाच्या वेशीवर कसा आला ते आठवून बघावे. पंचवीस वर्षांचा संसार एका ताडपत्रीखाली असतो. तो आणणाऱ्या ड्रायव्हरला आणि हमालांना घरात बसवून जेवू घाला. मजल्यांचे पैसे ठरल्याप्रमाणे द्या. आणि त्याचा नंबर मागे राहिलेल्या पोरांना कळवा, म्हणजे त्याला काम मिळेल आणि त्यांना माणूस.